दूरच्या सर्व्हरवर टर्मिनल बिघडते तेव्हा: टर्मइन्फो आणि एसएसएच यांची जुळणी कशी करावी

एसएसएच या सुरक्षित दूर-जोडणीच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या युनिक्स-सदृश यंत्रणेवर लॉगिन होते, पासवर्ड किंवा की मान्य होते आणि तरीही पुढचे काम अडते. मजकूर पानापानाने दाखवणारा 'लेस' उघडताच टर्मिनल पूर्ण कार्यक्षम नसल्याची ताकीद मिळते, चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारा 'एचटॉप' टर्मिनल उघडता येत नाही असे सांगून तिथेच थांबतो, बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसले जाण्याऐवजी नवीच चिन्हे उमटतात, किंवा चौकटींच्या रेषांच्या जागी 'क्यू' आणि 'एक्स' या अक्षरांच्या रांगा दिसू लागतात. या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी बहुतेक वेळा मूळ एकच असते: वापरणाऱ्याच्या समोरचे टर्मिनल आणि दूरच्या सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम यांचे त्या टर्मिनलच्या क्षमतांविषयी एकमत झालेले नसते. हे एकमत नेमके कुठे तुटले आहे ते आधी शोधावे आणि तिथेच दुरुस्ती करावी, अशा क्रमाने हा लेख मांडला आहे. टर्मिनलचे खरे वर्णन सर्व्हरवर पोहोचवणे हा पहिला मार्ग, आणि टर्मिनलचे नाव बदलून सांगणे हा दुसरा. दुसरा मार्ग घ्यावाच लागला तर तो जोडणी करणाऱ्या बाजूनेच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील मजकुरात कमांड, फाइली आणि चलांची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायची आहेत. 'टर्म', 'लँग' यांसारखी पर्यावरण-चले तेवढी मोठ्या अक्षरांत लिहावीत.

नाव पोहोचते, वर्णन पोहोचत नाही

टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे खिडकीत टर्मिनल पुरवणारा प्रोग्रॅम, सुरू होताना 'टर्म' या चलात आपले नाव लिहून ठेवतो. जीनोम टर्मिनल, कॉन्सोल आणि मॅकओएसमधले टर्मिनल हे सर्व 'एक्सटर्म-२५६कलर' हे नाव सांगतात. किटी 'एक्सटर्म-किटी' असे सांगतो, घोस्टी 'एक्सटर्म-घोस्टी' असे, आणि अ‍ॅलाक्रिटी व फूट हे आपापलेच नाव सांगतात. एसएसएच जेव्हा दूरच्या यंत्रणेकडे छद्म-टर्मिनल (सॉफ्टवेअरने पुरवलेले टर्मिनल) मागतो, तेव्हा हे नाव त्या मागणीच्या आतच जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४२५४ या एसएसएचच्या प्रमाण-दस्तऐवजात तशी तरतूद आहे, आणि म्हणूनच 'टर्म' पाठवण्यासाठी कोणतीही वेगळी सेटिंग करावी लागत नाही. बाकीच्या चलांना ही सवलत नाही. ती आपल्या बाजूने 'सेंडएन्व्ह' मध्ये नोंदवावी लागतात आणि सर्व्हरच्या बाजूने 'अ‍ॅक्सेप्टएन्व्ह' मध्ये मान्य व्हावी लागतात.

सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, बहुधा एनकर्सेस या लायब्ररीमार्फत, हे नाव घेऊन स्वतःच्या टर्मइन्फो, म्हणजे टर्मिनलांच्या वर्णनांच्या, संग्रहात शोधतो. पडदा कसा पुसायचा, कर्सर कसा हलवायचा, रंग किती आहेत, बॅकस्पेसची कळ कोणता संकेत पाठवते, ही सगळी माहिती तिथल्या नोंदीत असते. ही व्यवस्था जुनी आहे. बिल जॉय यांनी बर्कलीत व्हीआय संपादकासाठी १९७८ च्या सुमारास टर्मकॅप रचले, कारण तेव्हा प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे संकेत निराळे असत. पुढे मार्क हॉर्टन यांनी त्याच कल्पनेवर टर्मइन्फो उभारले, आणि आज त्याचा मुख्य संग्रह एनकर्सेसबरोबर थॉमस डिकी सांभाळतात. आजचे जवळजवळ सर्व एम्युलेटर १९७८ सालच्याच व्हीटी१०० या टर्मिनलचे आणि नंतरच्या एक्सटर्मचे वारस आहेत, त्यामुळे मूळ संकेतांविषयी फारसा वाद उरलेला नाही. वाद उरतो तो नव्या नावांचा, विशेष कळांचा आणि रंगांचा. पाच-सात वर्षे जुन्या सर्व्हरला अलीकडच्या एम्युलेटरचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही.

आधी तपासणी

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सर्व्हरवर लॉगिन करून पुढील गोष्टी पाहाव्यात. 'एको $टर्म' ही कमांड सर्व्हरपर्यंत पोहोचलेले नाव दाखवते. तीच कमांड आपल्या संगणकावर दिल्यास उत्तर तेच यायला हवे; ते वेगळे आले तर वाटेत कुणीतरी, बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलने, नाव बदलले आहे असे समजावे. त्यानंतर काहीही न जोडता नुसती 'इन्फोसीएमपी' ही कमांड द्यावी. नोंद सापडली तर पहिल्याच ओळीत ती कोणत्या फाइलमधून वाचली हे टिप्पणीच्या रूपात छापले जाते, आणि ही ओळ फार उपयोगी आहे, कारण एकाच नावाच्या दोन नोंदी घरच्या फोल्डरात आणि यंत्रणेच्या संग्रहात अशा दोन्हीकडे असू शकतात. नोंद सापडली नाही तर कारण कळलेच. अशा वेळी 'इन्फोसीएमपी -डी', म्हणजे मोठा डी, हा पर्याय संग्रह शोधण्याच्या जागांची यादी देतो.

नोंद सापडूनही त्रास होत असेल तर 'टीपुट कलर्स' ने रंगांची संख्या, 'एसटीटीवाय -ए' ने कळांच्या आणि ओळी-स्तंभांच्या सेटिंग, आणि 'लोकेल' ने अक्षरसंचाची सेटिंग पाहावी. या तिन्हींतल्या कोणत्या उत्तरात विसंगती आहे, त्यावरून पुढचा कोणता भाग वाचायचा ते ठरते.

एक प्रकार इथेच वेगळा काढावा. 'एसएसएच सर्व्हर टॉप' अशी कमांड एकाच ओळीत दिली आणि 'टर्म' हे चल ठरवलेलेच नाही अशी तक्रार आली, तर टर्मइन्फोचा काही दोष नसतो. कमांड थेट दिल्यावर एसएसएच छद्म-टर्मिनल मागतच नाही, आणि टर्मिनलच नसल्याने त्याचे नावही जात नाही. 'एसएसएच -टी सर्व्हर टॉप' असे लिहिले की प्रश्न मिटतो.

पहिला उपाय: वर्णनच पाठवावे

नोंद नसल्यामुळे अडचण आली असेल, तर आपल्या संगणकावरून पुढील एक ओळ द्यावी. 'सर्व्हर' च्या जागी आपल्या सर्व्हरचे नाव लिहावे.

इन्फोसीएमपी -एक्स | एसएसएच सर्व्हर -- टीआयसी -एक्स -

डावीकडची कमांड चालू टर्मिनलची नोंद वाचता येईल अशा मजकुरात छापते, मधला एसएसएच तो मजकूर सर्व्हरकडे नेतो आणि तिथली 'टीआयसी' त्याची बायनरी नोंद तयार करते. दोन्हीकडचा 'एक्स' हा पर्याय लहान अक्षरातला असून, एम्युलेटरने मूळ प्रमाणाबाहेर जोडलेल्या क्षमता गळू नयेत यासाठी तो आहे. यंत्रणेच्या संग्रहात लिहिण्याचा अधिकार नसल्यास ही नोंद आपोआप आपल्या होम फोल्डरमधल्या '.टर्मइन्फो' या लपलेल्या फोल्डरात जाते. प्रशासकाची परवानगी लागत नाही आणि इतरांच्या कामावर परिणामही होत नाही. 'टीआयसी' ने वर्णनाच्या शब्दांना जुन्या आवृत्त्या टोपणनाव समजू शकतील अशी ताकीद दिली तर तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. टोकाचे जोडचिन्ह न समजणारी जुनी 'टीआयसी' असेल, तर डावीकडचा मजकूर एका फाइलमध्ये साठवून ती 'एससीपी' ने न्यावी आणि सर्व्हरवर 'टीआयसी -एक्स' पुढे तिचे नाव द्यावे. किटी वापरणाऱ्यांना हा खटाटोप करावा लागत नाही, कारण त्याच्याबरोबर येणारी 'किटन एसएसएच' ही कमांड लॉगिन होतानाच नोंद पाठवते.

तयार झालेली बायनरी फाइल एका यंत्रणेवरून दुसरीकडे उचलून ठेवण्याचा मोह टाळावा. एनकर्सेस ६.१ ही २०१८ सालची आवृत्ती आली तेव्हापासून मोठे आकडे असलेल्या नोंदी ३२ बिटांच्या नव्या स्वरूपात साठवल्या जातात आणि त्याआधीच्या लायब्ररीला त्या वाचता येत नाहीत. मजकुरातून नोंद केली तर मात्र सर्व्हरवरची 'टीआयसी' आपल्याला वाचता येईल अशाच स्वरूपात ती लिहिते. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. लिनक्सवर 'एक्स' ने सुरू होणाऱ्या नोंदी 'एक्स' नावाच्या उपफोल्डरात असतात, तर मॅकओएसवर त्या '७८' नावाच्या उपफोल्डरात असतात, कारण तिथली फाइल व्यवस्था सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही आणि म्हणून अक्षराऐवजी त्याचा षोडशमान क्रमांक वापरला जातो. मॅकवरचे '.टर्मइन्फो' फोल्डर इतर डॉटफाइलींबरोबर (टिंबाने सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फाइलींबरोबर) लिनक्स सर्व्हरवर गेले, की फाइल डोळ्यांना दिसते आणि प्रोग्रॅमला सापडत नाही. जुन्या मॅकओएसबरोबर येणारी 'इन्फोसीएमपी' ही २००८-०९ च्या काळातल्या एनकर्सेसची असते आणि नवी नोंद वाचताना अडखळते. तिथे होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज व्यवस्थापकातून ताजी एनकर्सेस बसवून तिच्यातली कमांड पूर्ण मार्ग देऊन चालवावी.

नोंद घरच्या फोल्डरात ठेवली, आपले काम सुरू झाले आणि 'सुडो' ने रूट, म्हणजे प्रशासक, होताच पुन्हा तीच तक्रार आली, असा अनुभव सर्रास येतो. 'सुडो' हे 'टर्म' मधले नाव जपते, पण रूटचे होम फोल्डर वेगळे असल्याने तिथे नोंद नसते. आपल्याच सर्व्हरवर 'टर्मइन्फो' हे चल 'सुडोअर्स' फाइलमधून जपायला सांगता येते, परंतु मला नोंद यंत्रणेच्या पातळीवर बसवणे अधिक सरळ वाटते. त्यासाठी मजकुराची फाइल सर्व्हरवर नेऊन 'सुडो टीआयसी -एक्स -ओ /ईटीसी/टर्मइन्फो' या कमांडपुढे तिचे नाव द्यावे. डेबियन आणि उबुंटू '/ईटीसी/टर्मइन्फो' हे फोल्डर पाहतात. इतर वितरणांवर आधी 'इन्फोसीएमपी -डी' ची यादी पाहून तिच्यातलीच जागा निवडावी, एवढे पथ्य पाळले म्हणजे पुरे.

बरेच सर्व्हर सांभाळायचे असतील, तर नोंदी एकेक न पाठवता पॅकेजच बसवावे. डेबियन कुळात 'एनकर्सेस-बेस' मध्ये मोजक्याच नोंदी असतात आणि उरलेला मोठा संग्रह 'एनकर्सेस-टर्म' मध्ये असतो. फेडोरा आणि रेड हॅट यांच्याकडेही याच नावांची पॅकेजे आहेत. किटीची नोंद डेबियनमध्ये 'किटी-टर्मइन्फो' या छोट्या वेगळ्या पॅकेजात मिळते, म्हणजे सर्व्हरवर संपूर्ण एम्युलेटर बसवण्याची गरज पडत नाही.

दुसरा उपाय: नाव बदलून सांगणे

काही ठिकाणी सर्व्हरवर काहीच लिहिता येत नाही: ग्राहकाचा सर्व्हर असतो, नेटवर्कचे उपकरण असते, किंवा रोज नव्याने तयार होणारा कंटेनर असतो. अशा वेळी सर्व्हरला ठाऊक असलेले नाव सांगावे. एकदाच काम असेल तर कमांडच्या आधी 'टर्म=एक्सटर्म-२५६कलर' लिहून मग 'एसएसएच सर्व्हर' लिहिणे पुरते, आणि हे कोणत्याही आवृत्तीत चालते. नेहमीच्या कामासाठी होम फोल्डरमधल्या '.एसएसएच/कॉन्फिग' या फाइलमध्ये त्या सर्व्हरपुरती नोंद करावी:

होस्ट जुनासर्व्हर
    सेटएन्व्ह टर्म=एक्सटर्म-२५६कलर

'सेटएन्व्ह' ने 'टर्म' बदलण्याची सोय ओपनएसएसएच ८.७ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. ७.८ ते ८.६ या आवृत्त्या ही ओळ वाचतात, तक्रार करत नाहीत आणि नाव बदलतही नाहीत, तर त्याहून जुन्या आवृत्त्यांना 'सेटएन्व्ह' हा पर्यायच ठाऊक नाही, त्यामुळे आधी 'एसएसएच -व्ही', म्हणजे मोठ्या व्ही ने, आवृत्ती पाहून घ्यावी. 'होस्ट' च्या पुढे तारांकन देऊन सर्वच सर्व्हरसाठी नाव बदलण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो सोपा आहे, पण ज्या सर्व्हरवर खरी नोंद आहे तिथेही मग आपण विनाकारण अपुरे वर्णन देऊ लागतो.

कोणते नाव निवडावे याचा एक उतरता क्रम आहे. आधी 'एक्सटर्म-२५६कलर', तेही नसेल तर 'एक्सटर्म', आणि फारच जुनी यंत्रणा असेल तर 'व्हीटी२२०' किंवा 'व्हीटी१००'. 'व्हीटी१००' मध्ये रंग मिळत नाहीत. संपादन मात्र नीट होते. 'डम्ब' हे नाव सांगितले तर कर्सर हलवणारे प्रोग्रॅम चालणारच नाहीत, म्हणून ते यांत्रिक कामांसाठीच ठेवावे.

सर्व्हरवरच्या '.बॅशआरसी' किंवा '.प्रोफाइल' मध्ये 'एक्स्पोर्ट टर्म=एक्सटर्म-२५६कलर' अशी ओळ कायमची टाकून ठेवण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. सर्व्हरला समोरचे टर्मिनल कोणते ते कळण्याचा एकच मार्ग म्हणजे जोडणीबरोबर आलेले नाव, आणि ही ओळ तेच पुसते. उद्या त्याच खात्यावर कुणी सिरियल कन्सोलवरून आला, किंवा टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक सत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत नवी खिडकी उघडली, तरी प्रोग्रॅमला एक्सटर्मच दिसतो. अगदी गरज असेल तर अटीसह लिहावे: 'इन्फोसीएमपी' ला आलेले नाव देऊन तिची छपाई '/डेव्ह/नल' मध्ये टाकावी, आणि ती कमांड अपयशी ठरली तरच 'टर्म' मध्ये 'एक्सटर्म-२५६कलर' भरावे. ज्या नावाची नोंद आहे त्याला या अटीने धक्का लागत नाही.

टीमक्स आणि स्क्रीनच्या आत

टीमक्स आणि स्क्रीन हे स्वतःच टर्मिनल आहेत, आणि त्यांच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचा संबंध त्यांच्याशीच येतो. म्हणून आतल्या 'टर्म' चे नाव 'टीमक्स' किंवा 'स्क्रीन' या कुळातलेच असले पाहिजे, मग बाहेरचे टर्मिनल कोणतेही असो. रंग नीट दिसावेत म्हणून आत 'एक्सटर्म-२५६कलर' लिहिणाऱ्यांना पुढे व्हिममध्ये पार्श्वभूमीच्या रंगाचे ठिगळ दिसू लागतात. पुसलेली जागा चालू पार्श्वभूमीने भरली जाते असे एक्सटर्मची नोंद सांगते आणि स्क्रीनची नोंद तसे सांगत नाही, हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. '.टीमक्स.कॉन्फ' मध्ये 'डिफॉल्ट-टर्मिनल' ला 'टीमक्स-२५६कलर' द्यावे. त्या नावाची नोंद नसलेल्या यंत्रणेवर 'स्क्रीन-२५६कलर' द्यावे, जे जवळजवळ सर्वत्र सापडते. त्यात तिरपी अक्षरे हातची जातात, इतकेच.

खरे गुंतागुंतीचे प्रकरण पुढे आहे. टीमक्समध्ये बसून दुसऱ्या सर्व्हरवर एसएसएच केले की तिकडे 'टीमक्स-२५६कलर' हे नाव जाते, आणि जुना सर्व्हर तेही ओळखत नाही. उपाय वरचेच दोन आहेत. फरक इतकाच, की नाव बदलायचे तर इथे 'एक्सटर्म' ऐवजी 'स्क्रीन-२५६कलर' सांगावे. टीमक्स जोडतानाच योग्य टर्मिनल नसल्याचा संदेश आला, तर तो बाहेरच्या नावाविषयी आहे हे लक्षात घ्यावे आणि '.टीमक्स.कॉन्फ' मध्ये हात घालू नये.

कळा: बॅकस्पेस आणि तिचे सोबती

बॅकस्पेसची कळ दोनपैकी एक संकेत पाठवते: १२७ क्रमांकाचा डिलीट किंवा ८ क्रमांकाचा कंट्रोल-एच. आजचे बहुतेक लिनक्स एम्युलेटर पहिला पाठवतात, तर अनेक जुन्या युनिक्स यंत्रणा दुसऱ्याची अपेक्षा धरतात. पडद्यावर टोपीचिन्ह आणि प्रश्नचिन्ह उमटले तर आपण डिलीट पाठवत आहोत, टोपीचिन्ह आणि एच उमटले तर कंट्रोल-एच, आणि दोन्ही वेळा सर्व्हरच्या टीटीवायला, म्हणजे तिथल्या टर्मिनल हाताळणाऱ्या भागाला, पुसण्याचा संकेत वेगळाच सांगितलेला आहे. 'एसटीटीवाय इरेज' एवढे टाइप करून एक जागा सोडावी, कंट्रोल-व्ही दाबून लगेच बॅकस्पेस दाबावी आणि एंटर करावे. कंट्रोल-व्हीमुळे पुढचा संकेत जसाच्या तसा ओळीत येतो, त्यामुळे कळ नेमके काय पाठवते हे आपल्याला माहीत असण्याचीही गरज नाही.

ही ओळ सर्व्हरच्या '.बॅशआरसी' मध्ये कायम ठेवायची असेल तर आधी '[ -टी ० ]' ही अट लावावी, म्हणजे इनपुट खरोखर टर्मिनलकडून येत असेल तरच ती चालेल. अट नसेल तर 'एससीपी' आणि 'आरसिंक' यांच्या प्रत्येक फेरीत 'एसटीटीवाय' तक्रारीचा संदेश छापत राहते. व्हिममध्ये आधी लिहिलेला मजकूर बॅकस्पेसने पुसला जात नाही, ही तक्रार मात्र टर्मिनलची नसते. ती व्हिमच्याच 'बॅकस्पेस' या सेटिंगची असते, आणि तिच्यापायी 'एसटीटीवाय' शी झटापट करण्यात अर्थ नाही.

होम, एंड किंवा एफ१ सारख्या कळांचा घोळ असेल तर 'कॅट -व्ही' चालवून ती कळ दाबावी आणि उमटलेली अक्षरे 'इन्फोसीएमपी -१' च्या यादीतील 'केहोम', 'केएंड' किंवा 'केएफ१' या ओळींशी ताडून पाहावीत. एक्सटर्ममध्ये एफ१ ही एस्केप, मोठा ओ आणि पी असे पाठवते, तर लिनक्सच्या मूळ कन्सोलवर तीच कळ एस्केप, दोन चौकटी कंस आणि ए असे पाठवते. एवढ्या फरकाने 'मिडनाइट कमांडर' ची मदत उघडायची थांबते. तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पूर्ण पडदा घेणारे प्रोग्रॅम सुरू होताना कीपॅडची अवस्था बदलतात, म्हणून 'कॅट' मध्ये चौकटी कंस दिसला आणि नोंदीत त्याच जागी मोठा ओ असला तर ती चूक नसते.

कंट्रोल-एस चुकून दाबल्यामुळे पडदा गोठला असेल तर कंट्रोल-क्यू दाबावे, आणि ही सोय नको असेल तर 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' द्यावे.

अक्षरसंच, रेषा आणि देवनागरी

टर्मइन्फो अचूक असूनही अक्षरे बिघडत असतील तर 'लोकेल चारमॅप' ही कमांड द्यावी. उत्तर 'यूटीएफ-८' यायला हवे. मराठी नावांच्या फाइली असलेल्या सर्व्हरवर हा दोष ताबडतोब दिसतो: लोकेल (भाषा आणि अक्षरसंच यांची सेटिंग) नुसते 'सी' असेल तर नव्या ग्नू 'एलएस' मध्ये 'अहवाल' या फाइलचे नाव ३४०, २४४, २०५ अशा अष्टमान आकड्यांची लांबलचक रांग होऊन येते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि 'सी' लोकेलला त्यांतले एकही छापण्याजोगे वाटत नाही. फाइल सुरक्षित असते. फक्त दाखवणे चुकते. तिचे नाव बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

'लोकेल -ए' ने सर्व्हरवर कोणती लोकेल उपलब्ध आहेत ते पाहून 'लँग' मध्ये त्यांतलेच यूटीएफ-८ असलेले एखादे भरावे. 'सी.यूटीएफ-८' डेबियनवर पूर्वीपासून आहे आणि २०२२ च्या ग्लिबसी २.३५ पासून ते मूळ लायब्ररीतच आले आहे, त्यामुळे नव्या सर्व्हरवर काही तयार करावे लागत नाही. देवनागरी दिसण्यासाठी मराठीच लोकेल हवे असा समज आहे, पण इथे प्रश्न अक्षरसंचाचा असतो. संदेशांची भाषा ही निराळी बाब आहे. मॅकवरून लिनक्सवर जाताना लोकेल बदलता येत नाही अशी ताकीद लॉगिनलाच मिळत असेल, तर मॅकचे टर्मिनल 'एलसी_सीटाइप' मध्ये नुसते 'यूटीएफ-८' पाठवत असते आणि लिनक्सवर त्या नावाचे लोकेल नसते. टर्मिनलच्या प्रोफाइलमधली सुरुवातीला लोकेल ठरवण्याची खूण काढून टाकावी.

लोकेल नीट असूनही देवनागरी मजकुरात कर्सर एखादे घर पुढे-मागे पडतो, जोडाक्षर अर्धवट पुसले जाते किंवा ओळ नको तिथे तुटते. काना, वेलांटी आणि जोडाक्षरे किती घरे व्यापतात याचा हिशेब सर्व्हरवरची लायब्ररी आणि आपला एम्युलेटर आपापल्या तक्त्याने करतात, आणि दोन तक्ते वेगळ्या वर्षांचे असले की उत्तर जुळत नाही. यावर रामबाण उपाय नाही. दोन्ही बाजूंना नव्या आवृत्त्या ठेवाव्यात, आणि मोठा मराठी मजकूर संपादित करायचा असेल तर फाइल आपल्याकडे आणून करावी, हे व्यवहार्य आहे.

रेषांच्या जागी अक्षरे दिसत असतील तर एनकर्सेस जुन्या पद्धतीने अक्षरसंच बदलण्याचा संकेत पाठवत असते आणि एम्युलेटर यूटीएफ-८ मध्ये असताना तो मानत नाही. पुटी या एम्युलेटरमध्ये हे प्रसिद्ध आहे. सर्व्हरवर 'एनकर्सेस_नो_यूटीएफ८_एसीएस' या चलात १ भरल्यास रेषा थेट युनिकोडमधून येतात.

पडद्याचा आकार

खिडकी लहान-मोठी केली की एसएसएच नवा आकार सर्व्हरला कळवतो आणि प्रोग्रॅमला तसा सिग्नल मिळतो, म्हणून सहसा इथे काही करावे लागत नाही. सिरियल कन्सोलवर असा निरोप नेणारी वाट नसते आणि पडदा २४ ओळी व ८० स्तंभांवर अडकून बसतो. एक्सटर्मबरोबर येणारी 'रिसाइझ' ही कमांड टर्मिनललाच आकार विचारून घेते; ती नसेल तर 'एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०' असे आकडे हाताने द्यावेत. बॅशमध्ये लांब कमांड त्याच ओळीवर परत येऊन आधीची अक्षरे झाकत असेल, तर आकाराबरोबरच प्रॉम्प्टही तपासावा: त्यातले रंगांचे संकेत तिरपी रेघ आणि चौकटी कंस यांच्या जोडीत गुंडाळलेले नसतील, तर बॅश त्यांची लांबीही मोजते.

जोडणी तुटल्यावर

व्हिम किंवा टीमक्स चालू असताना नेटवर्क गेले की सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला आवरायची संधी मिळत नाही आणि आपले टर्मिनल त्याच अवस्थेत राहते. माउस हलवताच अर्धविरामांनी जोडलेले आकडे उमटतात, किंवा पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी २०० आणि नंतर २०१ असे अवशेष दिसतात. आपल्या संगणकावर 'रीसेट' द्यावे. एंटर दाबूनही काही घडत नसेल तर कंट्रोल-जे दाबावे, न दिसणारे 'रीसेट' टाइप करावे आणि पुन्हा कंट्रोल-जे दाबावे. ओळ संपवण्याचा खरा संकेत तोच आहे. गोठलेली जोडणी सोडवायला एंटर, तरंगचिन्ह आणि पूर्णविराम असा क्रम दाबावा, म्हणजे एसएसएच स्वतःहून बाहेर पडतो.

जुन्या व्यापारी युनिक्स यंत्रणा

सोलारिस आणि एआयएक्स यांची 'टीआयसी' एनकर्सेसची नसते आणि तिला 'एक्स' हा पर्याय समजत नाही. तिथे 'इन्फोसीएमपी' ही 'एक्स' शिवाय चालवून फाइल न्यावी, आणि तीही नाकारली गेली तर वेळ न दवडता '.एसएसएच/कॉन्फिग' मधून 'एक्सटर्म' किंवा 'व्हीटी२२०' हे नाव द्यावे. फ्रीबीएसडीने दीर्घकाळ टर्मकॅपच वापरले, त्यामुळे जुन्या फ्रीबीएसडीवर टर्मइन्फोची नोंद नेऊन उपयोग नाही. तिथेही नाव बदलणेच बरे. एचपी-यूएक्सवर आणखी एक जुना वारसा भेटतो: काहीही न ठरवल्यास अक्षर पुसण्याचा संकेत हॅश आणि पूर्ण ओळ पुसण्याचा संकेत ईमेलमधले अ‍ॅट हे चिन्ह असतो, म्हणून पासवर्डमध्ये किंवा पत्त्यात अ‍ॅट आले की टाइप केलेली अख्खी ओळ नाहीशी होते. तिथल्या प्रोफाइलमध्ये, टर्मिनलची अट लावून, 'एसटीटीवाय किल' ला कंट्रोल-यू आणि 'एसटीटीवाय इरेज' ला आपल्या बॅकस्पेसचा संकेत द्यावा.